गप्प बसण्याची सेवा

नवऱ्याची खाबुऱ्याला बदली झाली तेव्हा मी ओमानच्या राजधानीत, अझैबातल्या आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी होते. माझ्याशिवाय मंडळ आठवडाभरसुद्धा तग धरणार नाही, अशी माझी खात्री होती. ते अजूनही उत्तम चाललंय असं कळतं.

मंडळात असताना मी समाजसेवाही करत असे. दिवाळीत आम्ही लेबर कॅम्पात जाऊन फराळाची पाकिटं वाटायचो. पाकिटात दोन चकल्या, एक लाडू आणि मूठभर चिवडा असायचा, आणि मागचा बॅनर धरायला मात्र आठ माणसं लागायची. एकदा एका कामगाराला आम्ही तेच पाकीट तीनदा घ्यायला लावलं, कारण पहिल्या दोन फोटोंत अध्यक्षीणबाईंचे डोळे मिटलेले आले होते. तिसऱ्या वेळी त्याने घाबरत विचारलं, "मॅडम, ये वापस देना है क्या?"

खाबुऱ्याला मंडळ नव्हतं. हायवे, समुद्र, लिंबांच्या आणि खजुरांच्या बागा, आणि नवऱ्याच्या कंपनीचं औषधांचं दुकान. नवरा दिवसभर गोळ्या विकून यायचा आणि घरी आल्यावर त्याला बोलणं नको असायचं. मुलगी शाळेतून आली की इंग्रजीत फोनवर. मला बोलायला भाजीवाला तेवढा उरला होता, आणि तो मला बघून हल्ली आत जायला लागला होता.

अशात एक म्हातारी इंग्रज बाई रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दुकानात आली. तिचा नवरा पाण्याचा इंजिनिअर होता. निवृत्त झाल्यावरही ती दोघं इथेच एका बागेतलं जुनं घर भाड्याने घेऊन राहिली होती. माझ्या नवऱ्याने तिला सांगितलं, "माझ्या बायकोला इथे फार एकटं वाटतं." मला वाटतं, त्याला स्वतःची सुटका हवी होती. बाई म्हणाली, "शुक्रवारी सकाळी पाठवा. आम्ही काही मित्र जमतो."

मी इरकल नेसले, नारळाच्या वड्या केल्या आणि गप्पांची तयारी करून गेले. दिवाणखान्यात चारजण खाली माना घालून बसले होते. कुणी 'या' म्हणालं नाही. मला वाटलं, कुणीतरी गेलंय. मी वड्यांचा डबा पदराखाली लपवला आणि चेहरा पाडून बसले. तासाभराने सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवले, लिंबाचा केक आला, आणि मग कळलं की कुणी गेलेलं नाही. हे लोक क्वेकर होते. ख्रिस्तीच, पण यांच्यात पाद्री नाही, गाणी नाहीत, मूर्ती नाही की वेदी नाही. तासभर गप्प बसायचं आणि ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल त्याने दोन शब्द बोलायचे. हे त्यांचं चर्च.

"मी हिंदू आहे," मी म्हटलं.

"हरकत नाही," बाई म्हणाली. "गप्प बसता येतं ना?"

या प्रश्नावर माझ्या नवऱ्याने नंतर बराच वेळ हसून घेतलं. तरीही मी जात राहिले. भक्तीपेक्षा त्या केकचा आणि एसीचा वाटा त्यात मोठा होता. "आई, तू तिकडे सायलेन्स करते?" असं मुलगी विचारायची, आणि मी मोठ्या तोऱ्यात "हो" म्हणायचे.

मंडळी मोजकीच. म्हातारबाबा आणि म्हातारीबाई. कॉलेजात शिकवणारी एक तरुण इंग्रज मास्तरीण, जी दूधसुद्धा प्यायची नाही. आणि सरकारी इस्पितळातली केनियाची एक नर्स. ही नर्स जन्मापासून क्वेकर, बाकीच्यांपेक्षा अस्सल. पण तिच्या गावचे क्वेकर ढोल वाजवून गातात. "हे लोक देवाला ऐकतात," ती मला कानात म्हणाली, "आम्ही त्याला ऐकवतो."

तिसऱ्या शुक्रवारी, शांतता अगदी गाढ झालेली असताना, मला एकदम आठवलं आणि तोंडातून निघून गेलं, तेही खणखणीत: "अगं बाई! गॅस बंद केला की नाही मी?"

कुणी हललं नाही. शांतता उलट आणखी गाढ झाली. उठून पळावं तर मोडल्यासारखं होईल, म्हणून मी तशीच बसून राहिले आणि मनातल्या मनात घर जाळून घेतलं. तास संपल्यावर म्हातारबाबा ओल्या डोळ्यांनी माझ्याजवळ आले. "तुमच्या भाषेत काय म्हणालात ते आम्हाला सांगाल?"

खरं सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, "म्हणजे... आतली ज्योत आपण विझवली तर नाही ना, असं."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मी बाहेर जाऊन नवऱ्याला फोन केला. घर शाबूत होतं, दुधाचं पातेलं तेवढं कोळसा झालं होतं. त्या दिवसापासून मात्र मंडळी माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागली, आणि मलाही ती नजर आवडायला लागली. माणूस देवमाणूस व्हायला फार काही लागत नाही. समोरच्याला आपली भाषा येत नसली की पुष्कळ होतं.

क्वेकर लोक सेवाही करतात. इस्पितळात ज्याला भेटायला कुणी येत नाही अशा रुग्णाला भेटायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे लगेच नव्हे. त्यांच्यात मतदान नसतं. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आपसूक उगवेपर्यंत थांबायचं. फळं न्यावीत की नाही, यावर तीन शुक्रवार गेले. द्राक्षं विमानाने येतात म्हणून मास्तरणीच्या मनाला ती बोचत होती. केळ्यांच्या बागांत मजुरांना कसं वागवतात कोण जाणे, म्हणून केळीही बोचली. शेवटी हातात काही न्यायचं नाही, आपली उपस्थिती हीच भेट, असं सर्वांच्या मनात उगवलं. उपस्थितीचं एक बरं असतं, ती नासत नाही.

नर्सने रुग्ण सुचवला. तो रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावचा. मासळी बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होता आणि बर्फाची लादी पायावर पडून नडगी मोडली होती. खोलीवरचे सोबती पाळीवर, त्यामुळे भेटायला कुणी येत नव्हतं. भाषा माझी आणि ज्योतही माझीच, त्यामुळे पुढारीपण माझ्याकडे आलं.

दुपारी चारला आम्ही चौघं वॉर्डात शिरलो. नर्सची ड्युटी वरच्या मजल्यावर होती. चाळिशीचा काटक माणूस, पायाला प्लास्टर, पाय वर टांगलेला. मी म्हटलं, "आम्ही तुमच्याजवळ थोडा वेळ बसायला आलोय."

मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला. "बसा की ताई, बसा!"

आम्ही खुर्च्या ओढल्या, माना खाली घातल्या आणि बसलो.

पाच मिनिटं तो हसतमुखाने वाट बघत होता. मग त्याने चादर नीट केली. मग एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "चाय सांगू काय?" उत्तर नाही. मग माझ्याकडे वाकून हळूच, "ताई, ही कोन मानसा? डॉक्टर काय बोलला? खरा सांगा मना."

इथे मी दोन शब्द बोलले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी तेव्हा शिस्तीत होते. मी डोळे मिटले आणि मान हळूच हलवली.

शेजारच्या खाटेवर एक ओमानी आजोबा होते. त्यांचे मुलगे-नातू थर्मासमधला कहवा पीत बसले होते. इतके लोक खाली माना घालून बसलेले बघून आजोबांच्या थोरल्या मुलाने कप खाली ठेवला, भावांना घेऊन आमच्या खाटेशी आला आणि सगळ्यांनी तळवे वर करून दुवा मागायला सुरुवात केली. दोन धर्म असे एका खाटेभोवती आलेले बघून मास्तरणीला भरून आलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं.

ते पाणी खाटेवरच्या त्या माणसाने पाहिलं. त्याने उशीखालचा फोन काढला आणि बायकोला व्हिडिओ कॉल लावला.

"ऐक," तो म्हणाला, "माझा काय खरा नाय. लोकां जमलीत. माझ्या बोटीचा इंजिन धाकट्याला दे." पलीकडून रडण्याचा आवाज सुरू झाला. "आनी एक सांगायचा हाय, ता सांगल्याशिवाय मी जानार नाय. तुझ्या भावाची मोटारसायकल चोरीला नाय गेली. ती मी खाडीत घातली. भरतीचा अंदाज चुकला. त्याला सांग, माफ कर."

रडणं एकदम थांबलं.

"काय म्हनालास?" बायको म्हणाली. त्या आवाजात दुःखाचा अंशही नव्हता. "सहा वर्सा तो शेजारच्याला चोर बोलतोय! बोलनाचालना बंद हाय दोघांचा! आनी तू त्याच्याबरोबर चोर शोधत फिरलास?"

तेवढ्यात नर्स जिन्यावरून खाली आली. तिला आमच्यासारखं हळू बोलता येत नसे. "काय चाललंय इथे? हा माणूस सहा आठवड्यांत घरी जाणार आहे!"

ते मी मराठीत सांगितलं. त्या तासातलं माझं पहिलं उपयोगी वाक्य.

"म्हनजे मी मरत नाय?" त्याने विचारलं. मग मास्तरणीकडे बोट दाखवून, "मग ही कशाला रडते?" फोन अजून चालू होता. बायको तिकडून कुणाला तरी हाका मारून बोलवत होती. आधी ओमानी आजोबा हसले, मग त्यांचे मुलगे. "खलास, खलास!" म्हणजे झालं, मिटलं, असं म्हणत त्यांनी आम्हा सगळ्यांना कहवा आणि खजूर दिले. आम्ही रिकाम्या हाताने गेलो होतो, आणि खाऊन आलो.

पुढच्या शुक्रवारी मला खरंच आतून काहीतरी सांगावंसं वाटलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, दोष माझा. मी बोलायला हवं होतं. आणि ज्योतीबितीचंही खोटं होतं. मी फक्त घरचा गॅस चालू राहिला का ते विचारत होते.

"गॅस एवढा शब्द आम्हालाही कळला होता," म्हातारीबाई शांतपणे म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, तुमचं पोट बिघडलंय. ज्योतीचं तुम्ही लाजून सांगताय, असं समजलो."

"मी तर तुझ्यासाठी गोळी आणली होती," नर्स म्हणाली.

म्हणजे माझं देवपण त्या खोलीत कुणीच मानलं नव्हतं, म्हातारबाबा सोडून. त्यांनी वही उघडून ते पान बघितलं आणि पुन्हा मिटली.

झालेल्या प्रकाराबद्दल त्या माणसाला माफीचं पत्र लिहावं, असं ठरू लागलं. पत्राच्या पहिल्या वाक्यावर विचार सुरू झाला. इकडे नर्सच्या हाती त्या माणसाचाच निरोप आला: "त्या ताईला पाठवा. एकटीला. आनी तोंड उघडून या म्हनावा."

मी गेले. अर्धा तास त्याने मला सोलून काढलं. काय सांगू, इतक्या महिन्यांनी कुणीतरी माझ्याशी मराठीत कडाक्याचं भांडत होतं. मला फार बरं वाटलं. मेव्हणा रोज फोन करून शिव्या घालतो, म्हणून त्याने फोन लावून माझ्याच हातात दिला. मी त्या मेव्हण्याला समजावलं की हे क्वेकर लोक असे असतात, नुसते येऊन बसतात, त्यामुळे तुमच्या दाजींचा गैरसमज झाला.

"नुसती बसली आनी हा खरा बोलला?" मेव्हणा म्हणाला. "मग त्यांना आमच्याकडं पाठवा. हितं लय जनांकडून खरा काढायचा हाय." मात्र तो शेजाऱ्याकडे जाऊन माफी मागून आला होता, हेही त्याने जाता जाता सांगितलं. शेजाऱ्याने चहा दिला आणि पुढे दोन तास उणंदुणं काढलं म्हणे.

मग मी दर सोमवारी आणि गुरुवारी वॉर्डात जाऊ लागले. त्याला मी सगळं सांगितलं. अझैबातलं मंडळ, अध्यक्षीणबाई, माझ्या जावेचं वागणं, मुलीचं मराठी, नवऱ्याचं घोरणं. घरी येऊन नवऱ्याला म्हणायचे, "खरी सेवा म्हणजे काय ते मला आता कळलं. माणसाला माणसाचा शब्द लागतो." नवरा "हो" म्हणायचा. तोही जरा टवटवीत दिसायला लागला होता.

पाचव्या आठवड्यात मी जावेच्या दुसऱ्या बाळंतपणापर्यंत आले होते. तो म्हणाला, "ताई, राग नका मानू. आज जरा गप्प बसाल काय?"

मी बसले. तो दहा मिनिटांत तोंड उघडं टाकून झोपला. खोलीवर आठजण, तिन्ही पाळ्यांचे. तिथे झोप कसली मिळते ते त्याने मला आधी सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल. मी पर्सची चेन उघडत-मिटत बसले. मला पावन वगैरे काही वाटलं नाही. अपमान वाटला, आणि तो चांगला दोन दिवस टिकला. नर्सला सांगितलं तर ती सलाईनचा स्टँड धरून इतकी हसली की आतून डॉक्टर बघायला आला.

तो काठी टेकत गावी गेला. त्यानंतर तीन आठवड्यांनी माफीचं पत्र पूर्ण झालं. पत्र फार सुंदर होतं. त्यात एकही शब्द जास्त नव्हता. मी त्याचं मराठी केलं तर दोन पानं झाली. ती फोनवरून धाडली. दुसऱ्या दिवशी उत्तरादाखल एक फोटो आला. तो दारात उभा, काठी भिंतीला टेकवलेली, दोन्ही हातांत एक लांबलचक सुरमई. खाली मजकूर नव्हता.

शुक्रवारी म्हातारबाबांनी तो फोटो चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि याचा अर्थ काय, असं मला विचारलं.

मी म्हटलं, "आज त्यांच्याकडे सुरमई आहे."