चौथ्या भागातली घोडागाडी

म्युरियल सगडेनबरोबर मी शाळेच्या स्वयंपाकघरात अठरा वर्षं काम केलं. बटाटे सोलायला ती माझ्या डाव्या हाताला उभी असायची. पहिल्या वर्षी तिचं बोलणं मला कळायचं नाही, माझं तिला कळायचं नाही, तरी दोघींचं बरं चाललं होतं. यॉर्कशायरमधलं आमचं गाव म्हणजे टेकडीवर चढत गेलेल्या दगडी घरांच्या चार ओळी. वरच्या टोकाला तिचं घर, त्याच ओळीत खाली आमचं.

नोकरी संपल्यावर ती मला दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये न्यायला लागली. दहा-बारा बायका चहा घेत कादंबऱ्यांवर बोलायच्या, आणि बोलणं कुठूनही निघालं तरी एकाच कादंबरीवर येऊन थांबायचं. दीडशे वर्षांपूर्वीची, शाळेत सगळ्यांना लावलेली. एक गरीब मास्तरीण आणि एक श्रीमंत विधुर. तो आधी तिचा अपमान करतो, मग पस्तावतो आणि भर बर्फात घोडागाडी घेऊन तिच्या दारात येतो. दार बंद असतं. ती पहाटेच पायी निघून गेलेली असते. त्या कादंबरीवर टीव्हीसाठी तीन वेळा मालिका झाल्या होत्या, आणि त्यातली खरी कुठली यावरून त्या बायकांची भांडणं मी कितीतरी वर्षं ऐकली.

त्यांच्यातली बेरिल म्हणायची, दुसरी, रंगीत. त्यातला नायक नुसता दारात उभा राहिला तरी तिला घाम फुटायचा. बाकीच्या म्हणायच्या, तुला तर जिना चढूनही फुटतो. तिसऱ्या मालिकेत सगळे चिखलातून चालायचे आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. एवढ्या मोठ्या घरचा माणूस, याला कुणी अंघोळीला पाणी तापवून देत नाही का, असं बेरिलचं म्हणणं. म्युरियल मात्र सांगायची, पहिलीच. ती कृष्णधवल मालिका कुणालाच नीट आठवत नव्हती. आणि म्युरियल नायक-नायिकेबद्दल अवाक्षर काढायची नाही. ती म्हणायची, दुसरीतल्या गाडीवानानं लगाम फार ओढला होता. तिसरीतले घोडे इतके तुकतुकीत, की ते बर्फातून आलेत असं वाटतच नव्हतं. बेरिल म्हणायची, "सगळं जग नायकाचं तोंड बघतंय आणि ही बया घोड्याचं ढुंगण." म्युरियलही हसायची.

यामागचं कारण मला एकटीला माहीत होतं. शाळेत कांदे चिरताना तिनं ते सांगितलं होतं.

पहिली मालिका आमच्याच टेकडीवर घेतली होती, १९६५ साली. म्युरियलचा नवरा क्लिफर्ड तेव्हा कोळशाच्या वखारीची गाडी हाकायचा. टीव्हीवाल्यांना दिव्यांना न बुजणारं जनावर हवं होतं, म्हणून वखारीची टिली नावाची घोडी ठरली. टिली दुसऱ्या कुणाला जुमानत नसे, म्हणून क्लिफर्डलाही घेतलं. लांब कोट आणि उंच टोपी घालून तो गाडीवर बसला आणि नायकाला घेऊन त्या बंद दारापर्यंत गेला.

तो चौथा भाग रविवारी संध्याकाळी लागणार होता. आदल्या दिवशी शेजारचे म्हातारे गृहस्थ गेले. ओळीत कुणी गेलं, की शवपेटी घराबाहेर पडेपर्यंत सगळ्यांनी पडदे ओढून घ्यायचे, रेडिओ किंवा टीव्ही लावायचा नाही, हा तिथला रिवाज. दोन घरांत भिंत एकच, आणि पलीकडं त्यांची बायको पेटीशेजारी बसलेली. म्युरियलचा जीव वरखाली होत होता. आवाज बंद करून नुसतं बघू, असंही ती म्हणाली. क्लिफर्ड म्हणाला, "तिचा माणूस पलीकडं पेटीत, आणि मी इथं टोपी घालून मिरवू? पुन्हा दाखवतील की." दोघं पडदे ओढून बसून राहिले.

पुन्हा काही दाखवला नाही. पुढच्या फेब्रुवारीत उतारावरच्या बर्फात कोळशाची गाडी घसरली आणि क्लिफर्ड तिच्याखाली सापडला. लग्नाला तीन वर्षं झाली होती. घरात त्याचे दोन फोटो होते, एक लग्नातला, एक लष्करातला. दोन्हींत तो श्वास रोखून उभा.

"त्याची मान कशी वळायची ते मी विसरत चाललेय," एवढं म्हणून ती परत कांद्याला लागली.

टीव्हीवाल्यांना ती दर वर्षी पत्र लिहायची. एकदा उत्तर आलं, की त्या काळी टेप महाग असत, म्हणून जुन्या पुसून त्यांच्यावर नवे कार्यक्रम घेतले. ती मालिका आता शिल्लक नाही. ते पत्र तिनं बायबलमध्ये ठेवलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा लिहिलं. मी आमच्या देवापुढं तिच्यासाठी एक वात जास्त लावत असे. त्याहून माझ्या हातात काय होतं?

शेवटी तिनं आमच्या भागातल्या वर्तमानपत्रात दोन ओळी छापून आणल्या, कुणाकडं त्या मालिकेचं काही असलं तर कळवा म्हणून. दोन वर्षांनी नॉर्मन क्रॅब्ट्री नावाच्या एका म्हाताऱ्या मास्तरांचा फोन आला. त्यांच्या आईची नजर जात चालली होती, तेव्हा तिला आवडत्या मालिका पुन्हा ऐकता याव्यात म्हणून ते टीव्हीपुढं टेपरेकॉर्डरचा माईक धरून बसायचे. चित्र नव्हतं, नुसता आवाज होता. पण चौथा भाग सबंध होता.

"नसू दे चित्र," म्युरियल मला म्हणाली. "टिलीला थांबवताना तो हाक मारायचा. ती तरी ऐकू येईल."

तिनं मग बायकांना सगळं सांगितलं. बेरिल दोन दिवस तिच्यापुढं आली नाही, आली तेव्हा घोड्यावरून केलेल्या थट्टेबद्दल रडली. त्या गुरुवारी म्युरियलनं निळा झगा घातला, आल्याचा केक केला. क्रॅब्ट्रींनी टेप लावली.  नायिकेचं रडणं झालं, वारा सुटला, मग लांबून टापा आल्या. जवळ आल्या. चाकं करकरली, आणि एका पुरुषानं भरदार लंडनी आवाजात घोडीला थांबवलं.

बेरिलनं म्युरियलचा हात धरला. "हाच ना गं तुझा क्लिफर्ड? काय रुबाबदार आवाज होता."

म्युरियलनं क्रॅब्ट्रींकडं पाहिलं. ऐंशीच्या घरातला माणूस, दोन बस बदलून आला होता.

"हो," ती म्हणाली. "तोच." आणि केकचा पहिला तुकडा त्यांच्या ताटलीत ठेवला.

घराकडं चढताना ती म्हणाली, "तो नव्हता. त्याचा आवाज बारीक होता, अन् बोलणं इथलं, वखारीतलं. तेवढं टीव्हीवाल्यांनी मागाहून कुणा नटाकडून बोलवून घेतलं असणार."

"मग तिथंच सांगायचंस."

"कशाला? त्या मास्तरांनी आईसाठी जपलेलं." आणखी चार घरं वर गेल्यावर ती थांबली. "पण टापा टिलीच्याच. मागचा डावा पाय दुखरा होता तिचा. तीन टापा नीट, चौथी घासत. ऐकलंस ना तू?"

मला काही तसं ऐकू आलं नव्हतं. "ऐकलं," मी म्हटलं.

क्रॅब्ट्रींनी तिला टेपची एक प्रत करून दिली. पुढच्या महिन्यात एका दुपारी मी वर गेले, तर पुढचे पडदे ओढलेले. टकटक न करता मी दार ढकललं. म्युरियल टेपजवळ बसली होती, शेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवलेली. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. वारा सुटला, टापा आल्या, जवळ आल्या. नटाची ती हाक यायच्या आत म्युरियलनं बटण दाबलं. टेप मागं घेतली, पुन्हा लावली. गाडी दारापर्यंत येत होती, थांबत नव्हती.

त्या खुर्चीवर मी बसले नाही. भिंतीला टेकून उभी राहिले.