शनीच्या पूर्वेकडचा स्लॅब

"मला तर इथं काही दिसत नाही," प्राध्यापक म्हणाले.

ते खोलीच्या मधोमध मान वर करून उभे होते. मीही वर बघितलं. वर निळंशार आकाश होतं. त्यात सूर्य होता, पृथ्वी होती, कडं घातलेला शनी होता आणि उरलेल्या जागेत पांढऱ्या ठिपक्यांच्या चांदण्या होत्या. ऑइलपेंटचा वास अजून गेला नव्हता. भिंतींवर फळं, फुलं आणि शरीराचे अवयव काढले होते. दारात आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण होतं आणि बाहेर आमच्यासाठी नारळ, टोपी, उपरणं मांडून ठेवलं होतं.

मी तेव्हा बांधकाम खात्यात उपअभियंता होते. पाचोडच्या पुढच्या काही गावांतल्या शाळा माझ्याकडे होत्या. या गावाचं नाव सांगत नाही. गाव चांगलं आहे, आणि अजूनही मला लग्नाच्या पत्रिका पाठवतं.

पावसाळ्याच्या आधी मी हीच खोली बघून गेले होते. तेव्हा छताला आकाश नव्हतं. सिमेंटचे पोपडे सुटलेले, गंजाचे तांबूस ओघळ, आणि दोन-तीन ठिकाणी आतल्या सळया उघड्या पडलेल्या. त्या खोलीत पहिली आणि दुसरी एकत्र बसायची. शेख बाई या वर्गाच्या शिक्षिका आणि शाळेच्या मुख्याध्यापिकाही. एकदा शिकवताना टेबलावर हाताएवढी ढलपी पडली, तेव्हा त्यांनी मुलांना बाहेर काढलं, खोलीला कुलूप लावलं आणि वर्ग मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात नेला. देवळात कुणाचं काही असलं की वर्ग दर्ग्याजवळच्या कडुलिंबाखाली बसायचा. कुणाची काही हरकत नव्हती. हरकत आली ती वरून. खोली कुणाच्या परवानगीनं बंद केली, याचा खुलासा करा, अशी नोटीस बाईंना आली.

इथं थोडं कामाचं सांगते. सरकारी इमारत कितीही मोडकळीला आली तरी आपोआप मरत नाही. तिला मेलेली जाहीर करावं लागतं. त्याला निर्लेखन म्हणतात. निर्लेखन झालं तरच पाडायची परवानगी मिळते आणि त्या जागी नव्या खोलीसाठी निधी मागता येतो. आणि निर्लेखनासाठी बाहेरच्या तज्ज्ञाचा दाखला लागतो, की ही इमारत वापरायला धोकादायक आहे. मी कितीही म्हणाले तरी उपयोग नाही, कारण मी घरची. म्हणून त्या दिवशी सकाळी चिकलठाण्याहून प्राध्यापकांना जीपमध्ये घालून आणलं होतं. ते अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचे. सरळ माणूस. जे दिसेल तेच लिहिणारा. नेमकी हीच आता अडचण झाली होती.

मी मोबाइलमधले जुने फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून बघितले आणि मोबाइल परत दिला.

"फोटोवर मी सही करत नाही. हा फोटो कुठल्याही खोलीचा असू शकतो."

"सर, याच खोलीचा आहे. खिडकी बघा."

"खिडक्या सगळ्या शाळांच्या सारख्याच असतात. त्या तुमच्याच खात्यानं बसवल्यात."

मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

शेख बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना बरोबर कळलं होतं की काय चाललंय. प्राध्यापकांनी 'दोष आढळला नाही' असं लिहिलं की सोमवारपासून कुलूप काढून पोरांना परत याच छताखाली बसवावं लागणार होतं. आणि वरून नोटिशीचं उत्तरही द्यावं लागणार होतं.

मी सरपंचांकडे वळले. अंकुशराव. पन्नाशीचा, धिप्पाड, पांढरे कपडे कडक इस्त्रीचे. मी विचारलं, हे रंगकाम कधी केलं?

"परवाच संपलं, मॅडम. पंचायतीतल्या दुसऱ्या किल्लीनं कुलूप काढलं, पैठणचा पेंटर आणला. वर्गणी केली. लई झटली माणसं."

"पण का केलं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलंय.

"आता शहरातून पावणे यायचे, शाळा बघायचे, म्हणल्यावर तसंच भकास दावायचं व्हय? घरी सोयरे यायचे असले तर आपण सारवत नाय का?"

रागवावं तरी कसं? त्यांचं म्हणणं आमच्या सगळ्या भागाचं म्हणणं होतं. गावात कुणी साहेब येतो तो बघायला, आणि बघायला आलेल्याला चांगलंच दाखवायचं असतं. आजवर शाळेत जितक्या तपासण्या झाल्या त्या सगळ्यांत स्वच्छतेला गुण होते, रंगाला गुण होते. भेगेला गुण देणारी तपासणी त्यांनी कधी बघितलीच नव्हती. भेगा त्यांनी आधी सिमेंटनं बुजवल्या, मग पुट्टी मारली, मग प्रायमर, मग आकाश. इतकं नीट काम आमच्या ठेकेदारांकडूनही होत नाही. मला संताप आला होता, पण तो ओतायला कुणी सापडत नव्हतं.

"हे खरवडावं लागेल," मी म्हणाले.

बाहेर जमलेली माणसं दाराशी सरकली. अंकुशरावांचा आवाज बदलला.

"काय गरज नाय. स्लॅब पक्का आहे."

मी समजावून सांगायला लागले. काँक्रीटमध्ये लोखंडाच्या सळया असतात. गच्चीवर पाणी साचलं की ते मुरतं, लोखंड गंजतं. गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचं काँक्रीट ढकलतं. भाकरी फुगली की पापुद्रा सुटतो ना, तसा थर सुटतो. वरून रंग दिला तर तो दिसत नाही, पण सुटलेलाच असतो. ठोकून बघितलं की आवाजावरून कळतं.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. पण ह्यो स्लॅब माझ्या आबांनी घातलाय. ते सरपंच व्हते तवा. रातंदिवस इथं उभं राहून, एकेक पाटी मोजून. त्यात खोट नाय."

आता मला कळलं. पेंटर आणि पाहुणे हे वरवरचं होतं. त्या आकाशाच्या खाली त्यांचे वडील होते.

आमच्या मजुराकडे लांब बांबू होता. टोकाला हातोडी बांधलेली. उंच छत ठोकून बघायला आम्ही तसाच वापरतो. मी तो हातात घेतला. तेवढ्यात अंकुशराव चालत आले आणि बरोबर शनीच्या खाली येऊन उभे राहिले. हाताची घडी घातली.

"ठोका. माझ्या आबांच्या कामावर माझा भरवसा आहे."

प्राध्यापक चार पावलं मागं सरकले. ते सगळ्यात आधी सरकले हे मी मुद्दाम नोंदवते, कारण थोड्या वेळापूर्वी त्यांनाच काही दिसत नव्हतं.

मी बांबू वर उचलला. हातोडी छताच्या वीतभर खाली नेली आणि तिथंच थांबले. मला माहीत होतं वर काय आहे. खाली माणूस उभा असताना मी ठोकू शकत नव्हते. आणि ठोकलं नाही, तर गावासमोर सिद्ध होणार होतं की मॅडमनाही स्लॅब पक्का वाटतो. माझे हात दुखायला लागले. मी बांबू खाली घेतला. बाहेर कुणीतरी हसलं.

मग शेख बाई आत आल्या. या गावात त्यांची नोकरी बरीच झाली होती. अंकुशरावांचा धाकटा मुलगाही त्यांच्याच हाताखाली शिकून गेला होता. आवाज कधी चढवायच्या नाहीत. तेव्हाही चढवला नाही.

"अंकुशभाऊ, तुम्ही नका उभे राहू. तुम्ही इथं कधी बसतच नाही. पोरं देवळात बसलीत, मी घेऊन येते. त्यांना त्यांच्या जागेवर बसवते. मग मॅडम ठोकतील."

अंकुशरावांची हाताची घडी सुटली.

"आणू का?" बाईंनी विचारलं.

त्यांनी वर बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच अंकुशरावांनी वर बघितलं. मग खाली, जिथं सतरंज्या अंथरायच्या तिथं.

"नाय," ते म्हणाले. "पोरं नका आणू."

ते बाजूला झाले. माझ्या हातातला बांबू त्यांनी काढून घेतला आणि दाराच्या चौकटीत उभं राहून स्वतःच ठोकलं. पहिल्या दोन ठिकाणी खणखणीत आवाज आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, शनीकडे चला. तिथं आवाज बदलला. तडकलेल्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा बद्द आला. आणखी एक ठोका, आणि शनी कड्यासकट खाली आला. त्याच्या पूर्वेकडचं आकाशही आलं. धूळ खाली बसली तेव्हा वर सळयांची जाळी दिसत होती. काही सळया गंजून काडीएवढ्या झालेल्या. खाली जो ढिगारा पडला होता तो उचलायला दोन माणसं लागली असती.

"आता दिसतंय," प्राध्यापक म्हणाले आणि लिहायला बसले.

अंकुशराव पायरीवर जाऊन बसले. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर निळे कण होते. प्राध्यापक जाताना त्यांच्यापाशी थांबले. वडिलांचं काम चांगलंच होतं, म्हणाले, म्हणून तर इतकी वर्षं टिकलं. गच्चीवरचं पाणी काढून द्यायला पन्हाळ नव्हती आणि पुढं कुणी बसवली नाही. त्यात वडिलांचा दोष नाही.

अंकुशरावांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. धुळीनं असेल असं आम्ही सगळे धरून चाललो.

दाखला मिळाला तरी फाइल लगेच हलली असं नाही. प्राध्यापकांनी दोषाची जागा जशी दिसली तशी लिहिली होती. त्यामुळे आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी मला बोलावून घेतलं.

"हे 'शनीच्या पूर्वेस सुमारे तीन फूट' म्हणजे काय?"

"जागा सांगितलीय, सर."

"ही पत्रिका आहे का?"

"नाही सर. स्लॅब आहे."

ते दुरुस्त केलं. मग हिशेब शाखेनं विचारलं की नुकतंच रंगकाम झालेली इमारत निर्लेखित करायची, तर त्या रंगकामाला जबाबदार कोण? रंगकाम लोकवर्गणीतून झालं, सरकारचा त्यात हात नाही, असं मी लिहून दिलं. सरकारचा हात नाही हे वाचून सगळ्यांचं समाधान झालं. नोटिशीचाही निकाल लागला. बाईंनी खोली बंद केली ते योग्यच होतं, असं आता वरूनच लिहून आलं. ज्या टेबलावरून नोटीस निघाली होती त्याच टेबलावरून हेही निघालं, आणि दोन्हींची भाषा सारखीच कडक होती.

निर्लेखन झालं. जुनी खोली पाडली. निधी मंजूर होऊन हातात पडेपर्यंत पहिलीची पोरं देवळातच दुसरीत गेली आणि देवळातच तिसरीत गेली. मग त्याच जागी दोन नव्या खोल्या उभ्या राहिल्या. स्लॅब घालायच्या दिवशी अंकुशराव सकाळपासून तिथं उभे होते. मी पन्हाळी कुठं बसवणार ते नकाशात दाखवलं, तर ते नकाशा बाजूला ठेवून थेट गच्चीवर चढले.

शेवटचं माप घ्यायला मी गेले तेव्हा वर्ग सुरू झाला होता. शेख बाई म्हणाल्या, बसा मॅडम, एवढे पाढे होऊ द्या. मी मागं खुर्चीवर बसले. बाईंनी सुरुवात केली आणि पोरांनी एका सुरात बे एके बे धरलं. म्हणताना सगळ्यांच्या माना वर. सगळी पोरं छताकडे बघून पाढे म्हणत होती.

पाढे झाल्यावर मी बाईंना हळूच विचारलं, ही वर काय बघतात?

बाई थोड्या ओशाळल्या. "माझंच बघून शिकलीत, मॅडम. त्या खोलीत शिकवताना माझं लक्ष सारखं वरच असायचं. पोरांना वाटलं पाढे असेच म्हणायचे असतात. मग देवळातही तसंच म्हणायला लागली. मोठ्यांचं बघून लहान."

"यातली किती पोरं त्या खोलीत बसलेली?"

"एकही नाही. ती आता तिसरीच्या पुढं गेली."

धोकादायक इमारत कशी पाडायची आणि नवीसाठी निधी कसा मिळवायचा, एवढं मी नोकरीत शिकले. ते झालं की काम संपलं, असं आमचं खातं मानतं. मीही तोपर्यंत मानत होते.

"पुढचा घेऊ या?" बाईंनी वर्गाला विचारलं. पोरांनी तीनचा पाढा धरला. बाईही म्हणत होत्या, आणि म्हणताना त्यांची नजर वर गेली होती. मीही वर बघितलं. स्लॅब चांगला होता. मी तसा अहवाल दिला.