मागच्या दारापाशी बसणारी बाई

अर्जुनी मोरगावहून कोहमाऱ्याला जाणाऱ्या आमच्या बसमध्ये एक बाई रोज मागच्या संकटकालीन दारापाशी बसायच्या. बसण्याआधी त्याची कडी उघडून, पुन्हा लावून पाहायच्या.

"काऊन रोज कडी वाजवून राहिल्या, बाई?" कंडक्टर खेकसायचा. आम्ही हसायचो.

एकदा रानडुक्कर आडवं आलं आणि बस धानाच्या बांधीत कलंडली. पुढचं दार चिखलात रुतलं. बाईंनी मागचं दार उघडून म्हाताऱ्यांना आधी उतरवलं, मग आम्हाला.

दुसऱ्या दिवशी त्या दारापाशी बसायला झुंबड उडाली. आदल्या दिवशी बस कलंडताना सर्वांत मोठ्याने ओरडलेल्या गृहस्थांनी जागा पटकावली. बाई उभ्याच राहिल्या.

"बसू द्या त्यायले," त्या मला म्हणाल्या. "कडी उघडता येते का, तेवढं इचारा."

मी विचारलं.

"मले कायले पायजे?" गृहस्थ म्हणाले. "बाई हायेत ना!"