मगरीची ओटी

आमच्या मगरीनला मगरीची भीती नव्हती, बायांची होती. मगरीन म्हणजे माझी बायको. हे नाव अमरावतीच्या बाजारानं ठेवलेलं. गिऱ्हाइकानं टरबुजाची फुकट फोड मागितली की अशी खेकसायची, की पुढं आलेला हात माघारी जायचा. पण गावात बारसं असलं की हीच बाई दार लावून बसायची. आम्हाला लेकरू नाही. असल्या बाईच्या हातून कोणी ओटी भरून घेत नाही. मी मात्र जाऊन घुगऱ्या खाऊन यायचो.

पूर्णेचं पाणी ओसरलं की आम्ही पात्रातल्या रेतीत डांगरवाडी लावायचो, म्हणजे टरबुजं-खरबुजं. तीन वर्षांमागं शिमग्याच्या सुमारास एका मगरीनं आमच्या वेलांतच खड्डा केला, अंडी घातली, वरून रेती लोटली आणि समोरच्या डोहात राखण करत बसली. जवळ गेलं की फुसकारून अंगावर यायची. मी फावडं उचललं.

"बाळंतिणीले उठवता काय? लाज धरा!" ही म्हणाली, आणि भरल्या वेलांच्या चार ओळी तिला सोडून दिल्या. वनखात्याचा माणूस आला, तोही म्हणाला, लांब राहा. सरकारही मगरीच्याच बाजूचं निघालं.

एका शुक्रवारी पाहतो तर ही रेतीवर खण, नारळ, ओंजळभर गहू ठेवून राहिलेली.

"खण कोण शिवून देईल वं तिले? माप घ्यायले तू जाशीन?"

"तुमी जा. तुमचं तोंड पाहून दात तरी दाखवन."

मी पोट धरून हसलो. ती हसली नाही, हे मला दिसलं होतं.

दोनेक महिन्यांनी, एका सकाळी, रेतीखालून बारीक कुरकुर ऐकू आली. हिलाच आधी. मगर वर आली, पुढच्या पायांनी रेती उकरली आणि पिलू तोंडात घेतलं. मग दुसरं.

"खाऊन राहिली वं! सोताचे पिल्लं खाऊन राहिली!" मी काठी घेऊन धावलो. हिनं सदरा धरला.

"अवो, थांबा न! जबडा पाहा, ढिला हाये. पान्यात नेऊन राहिली."

खरंच. डोहात जाऊन मगरीनं तोंड उघडलं, मान हलवली, पिलं सुळसुळ बाहेर पडली. न फुटलेलं अंडं तिनं दातांत धरून हलकेच फोडलं. नर पलीकडं तरंगत होता.

"बाप पाहा," ही म्हणाली. "तुमच्यासारखाच. नुसता हाजर."

"तुले कसं समजलं वं, खात नाही म्हून?"

"ज्याईले लेकरं हायेत त्याईले सवड कुठं? मी तर जनमभर दुरूनच पाहून राहिली."

गेल्या वर्षी अकोल्याच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं ते झाकूनच. गावातल्या झाडून साऱ्या बाया आल्या. नवऱ्याआधी गेली ना! "अहेव गेली, नशिबाची वं माय," म्हणत ओळीनं तिची ओटी भरली. जिच्या हातचं कुंकू कधी चाललं नाही, तिच्या कपाळाचं बोटावर घेऊन आपापल्या कपाळी लावलं.

मी कोणाला अडवलं नाही. जेव्हा अडवायला पाहिजे होतं, तेव्हाही अडवलं नव्हतं.