चार ओळी ताईच्या

कॉलेजच्या लायब्ररीमागं एका खोलीत लेखन मदत केंद्र होतं. म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि ताई. एकवीस वर्षं पोरं अर्धेकच्चे प्रोजेक्ट घेऊन तिच्याकडे येत आणि ती एकच नियम पाळी: पेन पोरांच्या हातात, तिच्या नाही. "मी विचारणार, तू लिहिणार. माझं एक वाक्य जरी तुझ्या वहीत गेलं, तरी चोर आपण दोघंही," ती बजावी. माघारी तिला सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणत. तिच्या कानावर ते आलं होतं, आणि मनातून आवडलंही होतं.

त्या वर्षी प्रोजेक्ट जमा करायच्या शेवटच्या आठवड्यात दाराबाहेर रांग लागली. ताईच्या डोक्याचा पार भुगा झाला. त्यात झिपरी आली, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची. शेवटचा परिच्छेद काही केल्या जमत नव्हता, पोरगी रडकुंडीला आलेली. "बरं बाई, असं काहीतरी लिही," म्हणत ताईनं चार ओळी सांगून टाकल्या. तीन दिवसांनी चष्मिष आली, झिपरीची हॉस्टेलमधली रूम पार्टनर. विषय तोच, सलग दोन पाळ्या करणाऱ्या नर्सचा थकवा. जिभेला एकदा वळण पडलं की ती त्याच वाटेनं जाते. ताईनं तिलाही त्याच चार ओळी दिल्या, आणि तिला ते जाणवलंसुद्धा नाही.

कॉपी तपासणाऱ्या कॉम्प्युटरला मात्र जाणवलं. सोमवारी सकाळी रिपोर्ट ताईच्या टेबलावर आला: दोन प्रोजेक्ट, चार ओळी जशाच्या तशा. गुरुवारी चौकशी. जी कॉपी करणारी ठरेल, तिचं वर्ष जाणार. ताईनं ओळी वाचल्या आणि त्या आपल्याच आहेत हे ओळखलं. चौकशी करणारे सर खालच्याच मजल्यावर बसत. जाऊन एक वाक्य बोलायचं, बस. पण मदत केंद्राचीच कॉपी पकडली गेली, तर एकवीस वर्षांचं काय? 'उद्या सांगू,' तिनं ठरवलं.

दुपारी चौकशीची नोटीस घेऊन दोघी तिच्याच खोलीत येऊन थडकल्या.

"ताई, हिनं माझी वही उघडली! मी आंघोळीला गेले की हिचे हात शिवशिवतात."

"तुझी वही? स्वतःचं नाव तरी धड लिहिता येतं का तुला, झिपरे?"

"माझ्या ताटातलं खाल्लंस, माझे कपडे घातलेस, आता माझं डोकंही पाहिजे होय गं तुला?"

ताई "अगं, ऐका," म्हणाली. पुढचं वाक्य तोंडात होतं. ते तिनं गिळलं.

चष्मिषनं झिपरीच्या केसांना हात घातला आणि तिचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. बॅगचा पट्टा तिच्या गळ्याभोवती टाकून ओढला. झिपरीचे डोळे पांढरे झाले, पाय झाडत तिनं खुर्ची पाडली. चाचपडता चाचपडता तिच्या हाताला टेबलावरचं, कागदांना भोकं पाडायचं लोखंडी पंचिंग मशीन लागलं. तिनं ते मागं न बघताच फिरवलं. चष्म्याची काच कडकन फुटली. चष्मिष किंचाळत खाली बसली, तरी झिपरी थांबेना. गालावर, कानावर, तोंड झाकलेल्या बोटांवर मशीन पडत राहिलं. ताई मध्ये पडली. एक घाव तिच्या मनगटावर बसला आणि आत काहीतरी मोडल्याचं तिला ऐकू आलं.

"त्या ओळी माझ्या आहेत!" ती ओरडली. "मीच दोघींना सांगितल्या!"

मशीन झिपरीच्या हातातून गळून पडलं. जमिनीवर रक्त, काचा आणि एक दात.

चष्मिषचा डोळा वाचला. भुवईवर नऊ टाके पडले, एका कानानं कमी ऐकू येऊ लागलं.

गुरुवारी ताई हात गळ्यात बांधून चौकशीला गेली. सर चांगले होते. म्हणाले, "बाई, नमुना म्हणून सांगितल्या म्हणा की. कशाला अंगावर घेता?"

"नमुना नव्हता, सर. मी लिहून दिलं. आणि मला सोमवारी सकाळी कळलं होतं, हेही नोंदवा."

कॉपीचा आरोप गेला. मारामारीचा कसा जाणार? झिपरीला वर्षभरासाठी काढलं, चष्मिषचा निर्णय ती हॉस्पिटलातून आल्यावर व्हायचा होता. ताईकडून केंद्राची किल्ली घेतली.

चौकशीतलं सगळं ऐकून झिपरी जिन्यात उभी होती. कपाळावर पट्टी, गळ्याभोवती पट्ट्याचा काळानिळा वळ. तिनं ताईला भिंतीशी दाबलं.

"सोमवारी सकाळीच माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"आम्ही तिथं भांडत होतो, तेव्हा पण?"

"तेव्हा पण."

"मी तिला मारून टाकलं असतं, ताई! माझी मैत्रीण आहे ती!"

झिपरीची मूठ आली. ताईनं चांगला हात वर केला नाही. ओठ फाटला, डोकं भिंतीवर आदळलं, ती पायरीवर बसली. आवाजानं वॉचमन धावत वर आला.

"काय झालं, बाई? हिनं मारलं का? सरांना बोलवू?"

'पडले,' म्हणणं सोपं होतं. ताईनं तोंडातलं रक्त पदरात थुंकलं.

"मारलं," ती म्हणाली. "पण तक्रार माझी नाही. तुम्ही खाली जा, दादा."

तो गेला. झिपरी तिथंच, दोन पायऱ्या सोडून, मूठ तशीच आवळून हुंदके देत बसली. ताईही उठून गेली नाही.