आमच्या घरमालकांनी मोजलेली अक्कल

तुमच्या वडिलांना तुमच्यापेक्षा अक्कल कमी होती, असं तुम्हांला कधी मनातल्या मनात वाटलं आहे का? आमच्या चिंचवडच्या घरमालकांनी तर ते कागदावर सिद्ध केलं होतं. पिंपरीपासून आकुर्डीपर्यंत ज्याची बुद्धी त्यांनी मोजली नाही असा माणूस त्या काळी सापडला नसता. आणि सापडलाच असता, तर त्यांना येताना पाहून उसात दडलेला सापडला असता.

गावात सगळे त्यांना मास्तर म्हणत. तरुणपणी कुठल्याशा ट्रेनिंग कॉलेजात त्यांना बुद्धिमापनाची एक चोपडी मिळाली आणि तेव्हापासून ती, एक खिशातलं घड्याळ आणि टोक केलेली पेन्सिल यांच्याशिवाय ते घराबाहेर पडले नाहीत. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी खोलीआधी पेन्सिलच माझ्या हातात दिली. "तुम्ही खोली बघा, मी तुम्हांला बघतो," म्हणाले. न्हाव्यापुढे बसले की साबणाच्या फेसातून त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. न्हावी एकदा म्हणाला, "मास्तर, वस्तरा चालू असताना मला इचारात पाडू नका. मान तुमची हाय." भाचीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी पोह्यांच्या आधी चोपडी दिली. मुलानं ती वेळेच्या आत सोडवली आणि त्याहून कमी वेळात घर सोडलं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणायच्या, "माझी परीक्षा त्यांनी लग्नानंतर घेतली, म्हणून संसार झाला. किती मिळाले ते अजून सांगत नाहीत. म्हणजे त्यांच्यापेक्षा जास्तच असणार."

मास्तरांचं मत असं की बुद्धी ही हाडांसारखी असते. जन्माला येताना ठरते ती ठरते. मी चळवळीची पत्रकं वाचून वाढलेला. माणसाला जन्मावरून कमी ठरवणारी प्रत्येक फूटपट्टी मोडून टाकली पाहिजे, असं मी त्यांना ओट्यावर उभा राहून ऐकवत असे. ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "आवाज तुमचा शंभराच्या वर आहे. बाकीचं नंतर बघू."

मग एका वर्षी गंमत झाली. वीसेक वर्षांपूर्वी मास्तरांनी गावातल्या ज्या मुलांची परीक्षा घेतली होती, त्यांची मुलं आता शाळेत आली होती. मास्तरांनी तीच चोपडी, तेच प्रश्न त्यांना दिले. एकूणएक पोर बापाच्या पुढे गेलं. पहिले दोन दिवस मास्तर पेढे वाटायचेच बाकी होते. तिसऱ्या दिवशी त्यांची झोप उडाली आणि जेवण सुटलं. एका पिढीत हाडं एवढी वाढतीलच कशी? आधी त्यांनी दुधावर संशय घेतला, मग घड्याळावर. पुण्याला जाऊन घड्याळ उघडून घेतलं. ते सेकंदभरही चुकत नव्हतं. काकू म्हणाल्या, "पोरं हुशार निघाली म्हणून उपाशी राहणारा मास्तर मी पहिलाच पाहिला."

त्याच सुमारास गावाबाहेरच्या शेतांवर यंत्रांचा एक कारखाना उभा राहत होता. ज्यांची जमीन गेली त्यांना नोकरी द्यायचं ठरलं होतं. पण यंत्रावर कुणाला घ्यायचं आणि हमालीला कुणाला, हे परीक्षेनं ठरणार होतं. जवळपास चोपडीवाला माणूस एकच. कारखान्याच्या साहेबांनी मास्तरांना बोलावलं, आणि उत्तरं उतरवून घ्यायला मास्तरांनी मला.

शाळेच्या पडवीत परीक्षा चालली होती. धोंडिबा आला, डोक्याचं मुंडासं हातात धरून. त्याचं शेत कारखान्याच्या बरोबर मधोमध गेलं होतं. त्याची मुलगी शारदा मुलांच्या परीक्षेत पहिली आली होती, म्हणून मास्तर त्याच्याशी जरा कौतुकानं बोलले. धोंडिबा हसला नाही.

"म्हैस, बैल, कोंबडी, कडबा," मास्तरांनी विचारलं. "यातलं वेगळं कोणतं?"

"कोंबडी."

उत्तर कडबा होतं. बाकीचे तिन्ही प्राणी. मास्तरांनी फुली मारली.

"त्या टायमाला बी मी कोंबडीच म्हनलो व्हतो," धोंडिबा म्हणाला. "तवा बी तुमी अशीच फुली मारली आन् माज्या नावापुढं मंद लिवलं. दुसऱ्या दिशी बानं साळंतून काढलं मला. का म्हनलो, ते तुमी इचारलंच न्हाई."

मास्तरांनी चष्मा काढला. चोपडीच्या नियमात "का" विचारायला मनाई होती. पेन्सिल खाली ठेवून ते म्हणाले, "का म्हणालास?"

"म्हैस, बैल दावणीला. त्येंच्या म्होरं कडबा. कोंबडी हिंडती उकिरड्यावर, तिचं तितं काय काम?"

"पण कडबा प्राणी नाही."

"न्हाईच. पर कडब्याबिगर जनावर ऱ्हातंय व्हय? शारदीला इचारा, ती कडबाच म्हनंल. तिला साळंत गट पाडाया शिकिवलं. मला गोठ्यानं शिकिवलं. पोरगी माज्यापरीस हुशार हाय, मास्तर. पर मी खुळा न्हाई."

त्यानंतर मास्तरांनी घड्याळ बघितलं नाही. सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले, प्रत्येकामागे "का" लावून. बाहेर रांगेतली माणसं बिड्या ओढून कंटाळली. एकजण आत डोकावून म्हणाला, "धोंड्या, म्याट्रिकला बसलास का रं?"

संध्याकाळी मास्तरांनी अहवाल लिहिला. चोपडी अक्कल मोजत नाही. एका विशिष्ट तऱ्हेनं बघायची सवय मोजते. ती सवय मुलांना शाळेनं लावली, बापांना कुणी लावली नाही. शेवटी लिहिलं: "या उमेदवारास यंत्रावर घ्यावे. नापास परीक्षक झाला आहे." साहेब हसले आणि मास्तरांचं काम काढून घेतलं. पण फोरमनला माणसं हवी होती. त्यानं धोंडिबाला आठ दिवस लेथवर उभं केलं. यंत्र बिघडायच्या आधी त्याला आवाजावरून कळतं, हे पाहिल्यावर त्याला कुणी हलवलं नाही. बाकीच्यांना मात्र कारखान्यानं त्याच चोपडीनं चाळून हमालीला लावलं. त्याचा राग मला आजही येतो, आणि तो जाऊ नये असंच वाटतं.

मास्तरांनी नंतर कुणाचीच बुद्धी मोजली नाही. ज्यांच्या नावापुढे पूर्वी त्यांनी मंद लिहिलं होतं, त्या सगळ्यांची यादी केली आणि दर रविवारी सायकलीनं ताथवड्याला, पुनावळ्याला, जिथे ती माणसं होती तिथे जाऊ लागले. पुढ्यात बसून जुना प्रश्न काढत आणि विचारत, "तू असं का म्हणाला होतास?" काहींना आठवायचं, काही हसायचे, एकानं ओट्यावरूनच परत पाठवलं. पुनावळ्यात एका घरी बाई म्हणाल्या, "त्ये तर गेले औंदा. आलायसा तर च्या तरी घ्या." मास्तर चहा पिऊन परत आले. त्या दिवशी रात्रीपर्यंत ते ओट्यावर बसून होते.

आता मास्तरही नाहीत. म्हणून हे सांगायचं काम माझ्याकडे आलं आहे. तुमच्या घरात, शेजारात, कामावर असं एखादं माणूस असेल, की ज्याला कधीतरी कुणीतरी खुळ्यात काढलं. येत्या रविवारी त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याचं चुकीचं ठरलेलं एखादं उत्तर त्याला विचारा, आणि तो कारण सांगू लागला की त्याचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.