ऑनलाइन खरेदी कर

माणसाच्या तोंडाकडे बघून बोलावं, हे नंबरकाकांना कधी जमलंच नाही. ते पायांकडे बघून बोलत. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतंय तोवर आतून आवाज येई, "आठ! डावा साडेआठ!" अठ्ठावीस वर्षांच्या बुटांच्या धंद्यात हा अंदाज एकदाही चुकला नव्हता. ही गोष्ट ते स्वतःच सांगत असल्यामुळे सगळ्या गल्लीला पाठ होती.

मग लोक फोनवर बूट मागवू लागले. दुकानातली गर्दी काही हटली नाही, उलट वाढली. माणसं येत, स्टुलावर बसत, पाय पुढे करत. काका कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी खाली बसून सहा-सहा जोड चढवून दाखवत. "विचार करून सांगते," असं म्हणून गिऱ्हाईक उठे आणि पायरीवरच उभं राहून तोच जोड, काकांनी सांगितलेल्याच नंबरात, फोनवर मागवे. निदान कोपऱ्यापर्यंत तरी जावं, एवढीही कोणाला लाज वाटत नसे. कारण साधं होतं. दुकानातल्या बिलावर विक्रीकर लागे, फोनवरच्या विक्रेत्याला तो माफ होता. फरक तेवढाच, असं निदान काकांचं ठाम मत होतं.

बायकोचं मत त्याहून ठाम होतं. "वर्षअखेरपर्यंत वाट बघा. नाहीतर शटर ओढा आणि आमच्या धाकट्याच्या गोदामात जाऊन बसा." धाकटा म्हणजे तिचा भाऊ. त्याच्या गोदामातूनच फोनवरच्या मालाची खोकी गावभर सुटत. नुसती बंद खोकी, त्यांना पाय नाहीत.

तेवढ्यात व्यापारी मंडळाने ठराव केला की प्रत्येक दुकानावर एकच मागणी लावायची: ऑनलाइन खरेदीवर कर लावा. बाकीच्यांनी मुकाट्याने छापील फलक घेतले. काका कसले ऐकतात! छापील अक्षराला वजन नसतं, असं बजावून त्यांनी माळ्यावरची जुनी फळी काढली आणि लाल रंगात ब्रश बुडवला. गावाचे पाय मोजणाऱ्या या गृहस्थाने फळी मात्र मोजली नाही. पहिलीच अक्षरं अशी ऐसपैस काढली की 'ऑनलाइन खरेदी'मध्येच फळी संपत आली. मग 'वर' गाळला. 'कर' कसाबसा मावला. 'लावा'ला जागाच उरली नाही. खाली थोडी पट्टी मोकळी होती, तिथे त्यांनी 'आजच!' असं ठोकून दिलं. रस्त्यापलीकडे जाऊन कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाले. कर म्हणजे टॅक्स, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं.

फळीवर लिहिलं होतं: ऑनलाइन खरेदी कर आजच!

दुसऱ्याच दिवशी शाळेतल्या बाई आल्या, नंबर पाच. "काका, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा काय? मी सगळ्यांच्या पुढे!"

"बरं झालं बाई. मला वाटायचं, तुम्हाला आमचा राग येतो."

चार दिवस लोक हसून हात करत होते आणि काका छाती फुगवून फिरत होते. पाचव्या दिवशी बायको डबा घेऊन आली आणि पायरीवरच थबकली.

"अहो, हे सांगताय कोणाला?"

"सरकारला."

"सरकारला अरे-तुरे करता?"

काकांनी वर पाहिलं, आणि आपलीच फळी पहिल्यांदा वाचली. चेहरा एवढासा झाला. पण माघार घेतील तर ते काका कसले! त्यांनी मधल्या फटीत बारीकसा 'वर' घुसवला. रस्त्यावरून तो माशी बसल्यासारखा दिसे.

पुढे तो कर खरंच लागला. त्यात फळीचा काडीचाही वाटा नव्हता, पण काकांनी श्रेय घेऊन टाकलं. आरसा पुसला, स्टुलाला नवं कापड लावलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. आठवडाभर कोणी फिरकलं नाही. आठव्या दिवशी बाई आल्या. तपकिरी बूट उचलून उजेडात धरला.

"आता किंमत सारखीच हं," काका म्हणाले. "बांधू?"

"नको काका. सारखीच आहे, तर घरपोच येतं तेच बरं. मी रंग बघायला आले होते. फोनवर तपकिरी कुठला, चॉकलेटी कुठला, काही कळत नाही."

काकांचं डोकं सणकलं. त्यांनी बाईंच्या पायांकडे पाहिलं. पाच. "पाय उतरलाय तुमचा," ते म्हणाले. "चार मागवा."

चावू दे, त्यांच्या मनात आलं. दोन्ही टाचांना चावू दे.

बाई "बरं" म्हणून पायरीवर क्षणभर थांबल्या आणि निघाल्या. त्या कोपऱ्यापर्यंत पोचेतो काकांनी दम धरला. मग माप घ्यायची लोखंडी पट्टी हातात घेऊन तसेच अनवाणी धावत सुटले. "पाच! अहो बाई, पाच!"

बाई वळल्या. "पाचच मागवले की. तुम्ही सांगितलेला नंबर फोनमध्ये सेव्ह आहे, आता कोणाला विचारावं लागत नाही. तुम्ही कशाला उन्हात धावलात?"

त्या अगदी मायेने बोलल्या, म्हणून जास्त लागलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा खोटा नंबर सांगितला होता, आणि तोही कोणी ऐकला नव्हता.

दुकानात परतून त्यांनी मेहुण्याला फोन लावला. "उद्या किती वाजता येऊ?"

"नऊला या, दाजी. पण इथे जाड बुटांशिवाय आत सोडत नाहीत, खोकी पायावर पडतात. मी आत्ताच ऑनलाइन मागवतो. नंबर काय तुमचा?"

काका स्टुलावर बसले. पाय पट्टीवर ठेवला, नीट वाकून पाहिलं. "साडेआठ."

"मग करू ऑर्डर?"

"कर," काका म्हणाले.